कुऱ्हाडे सापडत नाहीत, कारण ते दोन आहेत

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभासद यादीत 'कुऱ्हाडे' सर्च केलं की अर्धेच येतात, बाकीचे यादीत डोळ्यांना दिसतात पण सर्चला सापडत नाहीत. काय गडबड असेल?

दादा, तुमच्याकडे दोन वेगळे कुऱ्हाडे आहेत. एकाने खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला, दुसऱ्याने साधा र घेतला, पाय मोडला आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आलं, त्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे, स्क्रीनवर डिट्टो सेम, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, पहिल्यात ८ कोड आणि दुसऱ्यात ९, आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला साधं 'बरोबर'चं चिन्ह लावलं की बाइट न बाइट जुळावा लागतो. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोड ज्यांना एकच मानतं ती लेखनं एका रूपात आणणं, ते करा असं सगळे सांगतात, जरूर करा, पण हे त्याने मिटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन लेखनं एक नाहीतच. एकाचं दुसरं करण्याचा बदल तुम्हालाच प्रोग्राममध्ये लिहावा लागेल, आणि तोही सर्चसाठी वेगळा कॉलम करून त्यात, मूळ नाव आहे तसं राहू द्या. कोणी म्हणालं की न दिसणारी सगळी कॅरेक्टर उडवून टाकू, तर त्याला आधी थांबवा. झेडडब्ल्यूजे उडालं की 'कुर्हाडे' होतं, रफार थेट ह च्या डोक्यावर. असं बिघडलेलं आडनाव पासबुकावर छापून आलेलं मी पाहिलंय, माणूस बोट ठेवून सांगत होता की हे मी नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

ॲ चंही तेच. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे, म्हणून ॲन्थनी पण दोन-तीन तऱ्हेचे निघतील.

प्रश्न : फॉर्ममध्ये 'मीनाक्षी' टाकलं की 'नावात फक्त अक्षरे चालतील' असा एरर येतो. अक्षरंच तर टाकतेय!

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. फॉर्म लिहिणाऱ्याने युनिकोडचा फक्त 'लेटर' हा वर्ग चालू ठेवलाय. मीनाक्षीत ८ कोड आहेत, त्यातले म, न, क, ष एवढेच लेटर, दोन वेलांट्या, काना आणि हलन्त हे चारही 'मार्क' वर्गात जातात. मार्क आणि झेडडब्ल्यूजे चालू करायला सांगा, एका ओळीचं काम आहे. सोबत ॲपोस्ट्रॉफीही, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगमध्ये डिसोझा अडकतात.

प्रश्न : सर्व्हर बदलला आणि सगळी मराठी नावं गेली. परत येतील का?

नीट बघा, प्रश्नचिन्हं दिसतायत की कचरा. खुद्द कॉलममध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ बाइट गेले, बॅकअप शोधा. कचरा असेल, वर तिरकी रेघ असलेला ए पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुतेक वेळा बाइट शाबूत असतात, फक्त लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी कोडपद्धत) समजून वाचले जातायत. आधी कॉपी काढा, मग कॉलम बायनरी (नुसते बाइट) करून तिथून यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएल डेटाबेसमधली युनिकोडची पद्धत) करा, थेट बदललात तर कचराच पक्का होईल. आणि डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टच्या काळातला असेल तर तो मुळात युनिकोड नाहीच, त्याला कन्व्हर्टर लागेल.

प्रश्न : मडगावहून लिहितोय. आजीच्या पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर आडनावात सी खाली शेपटी आणि ए वर तिल (~ अशी नागमोडी रेघ) आहे, पासपोर्टवर साधी अक्षरं. घराण्याच्या डेटाबेसमध्ये कुठलं ठेवू?

दाखल्यावरचं ठेवा, जसंच्या तसं. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी मशीनसाठी असतात, तिथे इंग्रजीची २६ कॅपिटल अक्षरं, आकडे आणि एक भरणचिन्ह एवढंच चालतं, त्यामुळे तिल तिथे बसूच शकत नाही. साधं स्पेलिंग सर्चच्या कॉलमात टाका, म्हणजे नातवाने कसंही टाइप केलं तरी आजी सापडेल. तिलवाला ए एका कोडचाही असतो आणि ए अधिक तिल असा दोन कोडचाही, पण इथे मात्र एनएफसी दोन्ही एक करून देतं.