टॉर्क जास्त, तरी मागे का?

प्रश्न : माझ्या क्लासिक ३५०चा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, मित्राच्या ड्यूक २००चा जेमतेम १९. तरी सिग्नल सुटला की तोच पुढे! असं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. कागदावरचा आकडा इंजिनाचा. गाडी पळवतो तो मागच्या चाकावरचा टॉर्क, आणि मधे गिअर-चेनमध्ये फेरे जितके घटतात तितका तो वाढतो. तुमचं इंजिन २७ देतं ते मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. त्याचं १९ देतं ८०००च्या आसपास. त्यामुळे रस्त्यावरच्या त्याच वेगाला त्याला फेऱ्यांची दुप्पट घट परवडते. १९ दुणे ३८, तुमच्या २७समोर! वर तुमची गाडी १९५ किलोची, त्याची पस्तीसेक किलोनं हलकी. मात्र खंबाटकी डबलसीट, गिअर न खेळवता निवांत चढायची असेल, तर मी किल्ली तुमचीच मागेन.