तुळाजीचा फलक गाळू नकोस

सातारा

चि.,
अनेक आशीर्वाद.

फलकांचा मजकूर मिळाला. मोडी लिपीत पूर्णविराम नसतो म्हणून फलकावरही नसावा असं नाही, एवढी एक किरकोळ तक्रार आधीच नोंदवून ठेवतो. बाकी मेहनत दिसते.

विजयदुर्गच्या मंडळींनी गावच्या सागरी वारशाचा सोहळा करायचं ठरवलं आणि लिहायला घाटावरची मुलगी बोलावली, याचं मला कौतुक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात विजयदुर्ग आहे, तसा आपला प्रतापगडही आहे. त्यामुळे तू तिथे अगदीच परकी नाहीस.

मजकूर वाचताना मी एका जागी अडलो. १७२९ मध्ये मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे वारले, इथे तुझा तिसरा फलक संपतो. चौथ्यावर तू थेट १७८३ मध्ये उतरतेस, पेशव्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं तिथे. मधलं १७५६ कुठे गेलं? कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे कुठे गेला? सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस, "सर, आनंदाच्या दिवशी ते कशाला?" हे पत्र त्याच प्रश्नाचं उत्तर समज.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून विजयदुर्गवर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. इंग्रजांच्या तोफगोळ्यानं बंदरातल्या 'रिस्टोरेशन'नं पेट घेतला. हे मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पकडलेलं जहाज. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या गुराबांवरून, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांवरून, आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं तिथलं आरमार जळून गेलं. तुळाजी आधीच पेशव्यांच्या छावणीत गेला होता; त्याचं पुढचं आयुष्य कैदेत गेलं. किल्ल्यात सापडलेली दहा लाखांच्या घरातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरलेला असूनही ऑक्टोबरपर्यंत दाबून ठेवला. शेवटी बाणकोट घेतलं तेव्हा कुठे विजयदुर्ग सोडला.

हे गाळलंस तर धुळपांचा फलकही लंगडा पडतो. जळालेल्या आरमाराच्या जागी पेशव्यांनी त्याच बंदरात पुन्हा आरमार उभं केलं आणि ते धुळपांच्या हाती दिलं. आधी काय गेलं हे वाचलेलं नसेल, तर पुढे काय उभं राहिलं याचं मोल वाचणाऱ्याला कसं कळणार?

मंडळात दोन तट पडतील, हे मला इथे बसून दिसतंय. एक म्हणेल, पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवलं, ठळक अक्षरांत लिहा. दुसरा म्हणेल, तुळाजी चाचा होता, झालं ते बरं झालं. दोघांनाही चहा पाज आणि दोघांचंही ऐकून घे, पण लिहू कुणाच्याच सांगण्यावरून नकोस. तुळाजी काही गरीब गाय नव्हता. तो पेशव्यांना जुमानत नव्हता आणि त्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होता. आणि घरातलं भांडण मिटवायला इंग्रजांचं आरमार बोलावलं, हेही तितकंच खरं. फलकावर असं काहीसं पुरेल: "फेब्रुवारी १७५६. समुद्राच्या बाजूनं इंग्रज, जमिनीच्या बाजूनं पेशव्यांची फौज. या बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळालं." विशेषण एकही नको. ते वाचणारा आपापलं घालतोच.

आता यातली साताऱ्याची बाजू. ती तुझ्याशिवाय तिथे दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे समुद्राचा विषय निघाला की लोक म्हणतात, आपला काय संबंध, आपण कोयनेच्या पाण्यावरची माणसं. पण शाहू महाराज इथे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राज्य करत होते आणि सरखेलीची, म्हणजे आरमारप्रमुखपदाची, वस्त्रं इथूनच जायची. कान्होजी सुरुवातीला ताराबाईंच्या बाजूनं. त्यांच्यावर चालून गेलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांनी धरला आणि लोहगडावर अटकेत ठेवला. मग बाळाजी विश्वनाथ पुढे आले. माणूस श्रीवर्धनचा, म्हणजे कान्होजींना कोकणातल्या माणसाशी कोकणातल्या माणसासारखं बोलता आलं. १७१३-१४ च्या त्या समेटात कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेल राहिले, किल्ले त्यांच्याकडे राहिले. भट घराण्यातल्या या पहिल्या पेशव्यानं पद मिळताच पार पाडलेलं हे पहिलं मोठं काम, आणि ते समुद्रावरच्या माणसाला राखण्याचं होतं. हे फलकावर यायलाच हवं.

पुढे कान्होजींच्या मुलांत बिनसलं. सेखोजी १७३३ मध्ये गेला, सिद्दीच्या जंजिऱ्यावरची मोहीम ऐन भरात असताना. त्याच्यामागे संभाजी आणि मानाजी एकमेकांसमोर उभे ठाकले. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी केली: संभाजीला सरखेली, मानाजीला 'वजारतमाब' हा नवा किताब आणि कुलाबा. कागदावर भांडण मिटलं. किनाऱ्यावर मात्र एकाच्या दोन सत्ता झाल्या, आणि १७५६ ची वाट तिथूनच सुरू होते, असं माझं मत आहे. मत म्हणून सांगतोय, फलकावर घालू नकोस. भांडण किनाऱ्याचं, निवाडा घाटावरचा, एवढं मात्र बिनदिक्कत लिही.

आणि जायच्या आधी एकदा धावडशीला जाऊन ये. जवळ आहे म्हणून आपण जात नाही. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी आधी चिपळूणजवळच्या परशुरामाला असायचे. १७२७ मध्ये सिद्दी सातानं ते देवस्थान लुटून उद्ध्वस्त केलं, आणि स्वामी घाट चढून इथे धावडशीला आले ते कायमचे. बाजीराव त्यांच्याकडून कर्ज काढायचे, आंग्रे त्यांना पत्रं लिहायचे, आणि सिद्दीचं पारिपत्य करा म्हणून त्यांचा शाहू महाराजांकडे सारखा लकडा असायचा. १७३३ ची मोहीम निघाली त्यामागे हा लकडाही होता. रायगड परत मिळाला, जंजिरा मात्र हाती आला नाही. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी स्वामींचा पत्रव्यवहार छापून ठेवलाय. त्यातली आंग्र्यांच्या घरची पत्रं वाच. सरखेलांच्या घरातली कुरबुर त्यात सापडेल.

वेळ उरलाच तर मेणवलीचा घाटही बघ. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेकाठी जी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ साल आहे. १७३९ ला वसई पडली तेव्हाची ती. शाळेच्या सहलीत पोरं तिच्यापुढे फोटो काढतात आणि वडापाव खायला वाईला जातात. तिचा एक मोठा फोटो विजयदुर्गला नेलास तर तिथल्या लोकांना घाटावर काय काय पोचलं ते दिसेल.

कागदाचं एवढं पुरे. सोहळा नुसत्या फलकांवर होत नाही. पोवाडा, लेझीम, हारतुरे हे सगळं मंडळ करेल, त्यात तू पडू नकोस. तू एक काम मागून घे: मैदानावर फक्कीनं गुराब आणि गलबत आखायचं. खऱ्या मापाला जितकं जवळ जाता येईल तितकं. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंत. गलबत लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर, पण त्यावर चाळीस-पन्नास वल्ही. गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि खाली झुकलेली, तोफा तिच्यावरून समोर मारायच्या. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला न्यायची, जिकडे त्याच्या तोफा कमी. इंग्रजांचं उंच जहाज त्या वेळी शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं असायचं. हे फलकावर लिहून कुणाला कळत नाही. पोरांना त्या आखलेल्या रेषांत वल्ह्याच्या जागी काठ्या देऊन बसव, दोन पोरांना दोर धरायला लाव, एका पोराला 'वारा पडला' म्हणून ओरडायला सांग. पाच मिनिटांत सगळी चाल त्यांच्या लक्षात येते.

आणि गावातल्या सुताराला बोलाव, ज्यानं होड्या केल्यात त्याला. फळीला फळी कशी सांधतात, सांध्यात काय ठासतात, लाकूड खाऱ्या पाण्यात किडू नये म्हणून काय चोपडतात, हे त्याला बोलून नाही, करून दाखवू दे. भाषण दे म्हणालीस तर तो येणार नाही. खुर्चीवर बसवलंस तर तासाभरात पळून जाईल. त्याच्यासमोर फळी, वाकस आणि हातोडा ठेव. गाबित मच्छीमारांपैकी कुणी जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, असेल तर त्याला समुद्रावरून येणारा खारा वारा आणि जमिनीवरून जाणारा मतलई वारा यांच्या वेळा विचार, नारळी पौर्णिमेच्या आधी दर्या कसा असतो ते विचार. त्याचं बोलणं मालवणीत चाललं तर चालू दे, मधे मधे पुणेरी करून सांगायला जाऊ नकोस.

गोदी दाखवायची असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघ. गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला वाघोटण खाडीकाठी खडक फोडून केलेली ती जागा, साधारण १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. आंग्र्यांची जहाजं तिथे दुरुस्तीला यायची. आता गाळ साचलेला आहे. पाहुण्यांना भर भरतीला नेलंस तर पाणी बघून परत येतील आणि तुला नावं ठेवतील.

आता हेलियम. हा विषय नाजूक आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्गावरून ग्रहण पाहिलं आणि तिथे हेलियमचा शोध लागला, असं गावात सगळे सांगतात. त्या दिवशी खग्रास ग्रहण होतं आणि त्याचा पट्टा त्या किनाऱ्यावरूनच गेला, हे पक्कं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि आपल्या सांगलीकडच्या पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. लॉकियरना सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ दिसली ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, घरच्या दुर्बिणीतून. ग्रहणासाठी ते भारतात आले ते १८७१ मध्ये. मंडळाला हे सभेत सांगू नकोस; पाहुणीनं चारचौघांत यजमानाचं चुकलं म्हणायचं नसतं. अध्यक्षांच्या ओसरीवर एकट्यानं बसून सांग, आणि लगेच पर्यायी मजकूर हातात दे: ग्रहणाचा पट्टा दाखवणारा नकाशा, त्यावर विजयदुर्ग, जमखंडी, विजापूर, गुंटूर. गावाचं नाव नकाशात पहिलं येतं. त्यावर बहुतेक राजी होतील. नाही झाले तर तो फलक त्यांना लिहू दे, तुझं नाव त्याखाली नको.

तुळाजीच्या बाबतीत मात्र एवढं मवाळ व्हायचं कारण नाही. ग्रहणाची गोष्ट गावानं हौसेनं धरलेली आहे. तुळाजी त्यांच्याच किल्ल्यात राहत होता.

निघताना कंदी पेढे घे, दोन डबे. एक मंडळाला, एक त्या सुताराच्या घरी. गगनबावड्याच्या बाजूनं जाणार असशील तर पावसात घाट चालू आहे का ते आधी विचारून घे. १७५६ चा फलक छापायला टाकण्यापूर्वी मला फोटो पाठव, रात्री पाठवलास तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
मोडीवाला काका