दुरावल्यावर परत यायचं तर सुरुवात कुठून?

चार वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल नाही, प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही, आणि रविवारी गेलं तर लोक "इतके दिवस कुठे होता?" विचारतील ही धास्ती. अशात सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण २:५ उघडा. इफिसच्या मंडळीला तिथे क्रमच दिलाय: आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. ही मंडळी कष्टाळू होती, खोटे प्रेषित पारखणारी होती, तरी पहिली प्रीती सुटलेली. पण 'पहिली भावना परत आण' असं तिला सांगितलेलं नाही. मन भरून आलं की जाऊ, असं म्हणत बहुतेक जण वर्षानुवर्षं घरीच बसतात.

आठवण करायची म्हणजे कधी आणि कशाने सुटलं त्यावर बोट ठेवायचं, कारण उपाय त्यावरच ठरतो. रविवारची ड्यूटी आड आली असेल तर आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा गाठा. कुणाशी बिनसलं असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न. लपवलेलं पाप असेल तर स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा आणि मग पापाचं नाव घेऊन कबुली द्या; "चुकलंमाकलं माफ कर" हे पुरत नाही. कुणाचे पैसे अडकवले असतील तर ते परत करणंही यातच आलं. लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी जक्कय या जकातदाराने येशूपुढे दाखवली होती. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाला जा. किती वर्षांनी आलात ते सुरुवातीलाच सांगा, पुढचं ते विचारत नेतात. गंभीर पाप असेल तर कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर घेणं) त्यानंतरच.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र उलटाच घोळ दिसतो. 'लायक नाही' म्हणून लोक महिनोन्‌महिने प्रभुभोजन टाळतात. १ करिंथ ११:२८ म्हणतं, स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं, असं तिथे नाही.

सगळ्यात जास्त घात करतात ते मोठे संकल्प: रोज दोन तास प्रार्थना, २१ दिवस उपास. आठवड्यात मोडतात आणि लाज दुप्पट होते. लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट नीट वाचा: घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो. धाकटा मुलगा "मला मोलकऱ्यासारखं ठेवा" हे वाक्य १९ व्या वचनात घोकून निघतो, पण २१ व्या वचनात ते येतच नाही. बाप तोवर झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. आपले संकल्प बहुधा त्या न बोललेल्या वाक्याचीच नक्कल असतात.

त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, रोज एक. वाचून झाल्यावर दोन-चार वाक्यांची प्रार्थना, बस्स. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून धरलंत तर नियमांनी भरलेल्या लेवीयात दम जाईल. मन कोरडंच राहिलं तरी थांबू नका. झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळंच उडालं असेल, तर मात्र डॉक्टरांनाही दाखवा. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा खाऊ घातलं, झोपू दिलं, बोलणं नंतर.

आणि रविवारची धास्ती? शनिवारी पाळकांना फोन करून ठेवा. कुणी विचारलंच तर "दूर गेलो होतो, आता आलोय" इतकं पुरे. चहाच्या वेळी सगळी कहाणी सांगत बसायची गरज नाही.