हैतीच्या राजकन्यांचं राज्य बुडाल्यावर पुढे काय झालं?

प्रश्न राजा आंरी क्रिस्तोफच्या मुलींबद्दल आहे असं धरतो. हैतीतच नंतर झालेल्या सम्राट फोस्तँचं साम्राज्य (1849–59) वेगळं; नेटवर दोन्ही घराण्यांची सर्रास गल्लत होते.

क्रिस्तोफ 1811 मध्ये उत्तर हैतीचा राजा झाला, तेव्हा थोरली अमेतिस्त 13 च्या आसपास होती, धाकटी अतेनाईर तिच्याहून साधारण दोन वर्षांनी लहान. थोरलीला दरबारात ‘मादाम प्रमिएर’ हा किताब होता. मुक्काम मिलोच्या साँ-सूसी राजवाड्यात. तो 1842 च्या भूकंपात पडला, आज भिंतीच उरल्यात.

ऑगस्ट 1820 मध्ये राजाला पक्षाघात झाला, सैन्य उलटलं आणि 8 ऑक्टोबरला त्याने स्वतःवर गोळी झाडली. विटंबना होऊ नये म्हणून प्रेत घाईने डोंगरावरच्या किल्ल्यात नेऊन चुन्यात पुरलं. दहा दिवसांत युवराजही मारला गेला. मुली वाचल्या, पण राजकन्या म्हणून त्यांचं आयुष्य साडेनऊ वर्षांतच आटोपलं.

1821 मध्ये राणी मारी-लुईझ दोघींना घेऊन इंग्लंडला गेली. गुलामगिरीविरोधी चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांनी त्यांना सफोकमधल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. कृष्णवर्णीय राणीला घरी उतरवून घेणं तेव्हा सोपं नव्हतं, हे श्रेय क्लार्कसन दांपत्याला द्यायलाच हवं. पुढे तिघी इटलीत पिसाला स्थायिक झाल्या. दोघी मुलींनी लग्न केलं नाही. अमेतिस्त 1831 मध्ये गेली, अतेनाईर 1839 मध्ये. राणी त्यानंतर बारा वर्षं जगली. तिचं निधनही पिसातच, 1851 मध्ये झालं.