हिब्रू नाटकात काम करायचंय आणि आलिया करतेयस? माझा अनुभव सांगते

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात असतेस, वय २६, सात वर्षं एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं केलीस, दोन सिरीयलमध्ये छोटी कामं, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजातलीच आहेस, आता आलिया करायची, म्हणजे इस्रायलला कायमचं राहायला यायचं म्हणतेस आणि विचारतेस की हिब्रूत नाटक-सिनेमा जमेल का, की इथे येऊन दुसरंच काहीतरी करावं लागेल. मी इथे इस्रायलमध्ये लोदला राहते, तुझ्या मावशीच्या वयाची आहे, १८ वर्षं इथल्या नाटकांच्या कपडेपटात काम केलंय, म्हणजे बाहेरून आलेल्या नट्या विंगेत उभ्या राहून कशा घाबरतात ते मी हातभरावरून बघितलंय. जमेल. पण कुठल्या रस्त्याने, ते आधी नीट समजून घे.

तू येवगेनिया दोदिनाचं उदाहरण दिलंयस. खरंच मोठी नटी आहे. बेलारुसमधली, मॉस्कोच्या नाट्यसंस्थेत शिकलेली, १९९० साली इथे आली. तिला तेव्हा हिब्रू येत नव्हतं. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही असं वाटतं, ती एकटी नव्हती. सोव्हिएत युनियनमधून त्या दहा-बारा वर्षांत साधारण १० लाख लोक आले, त्यात येवगेनी आर्ये नावाचा दिग्दर्शक होता आणि त्याच्या भोवती शिकलेले नट होते, त्यांनी १९९१ मध्ये गेशेर नावाचं थिएटर काढलं. गेशेर म्हणजे पूल. सुरुवातीला नाटकं रशियनमध्ये, मग तीच हिब्रूत, आणि नट हिब्रू वाक्यं रशियन अक्षरांत लिहून पाठ करायचे. म्हणजे पडलं तरी धरायला शेजारी आपली माणसं, एकच तालमीची पद्धत, बघायला येणारा आपला प्रेक्षक. दोदिना पुढे हबिमात, म्हणजे इथल्या राष्ट्रीय थिएटरमध्ये गेली, सिनेमातही नाव केलं, २०१६ च्या 'शावुआ वे-योम' सिनेमात मुलगा गेलेल्या आईचं काम बघ, बोलते कमी आणि तरी नजर हटत नाही. पण तिच्यामागे गेशेर होतं. आपल्या मराठी लोकांचं इथे असं काही नाही, 'मायबोली' नावाचं मराठी मासिक निघालं, गाण्याचे कार्यक्रम होतात, हौसेने नाटुकली होतात, पण पगार देणारी मंडळी नाही.

म्हणून मी तुला ओर्ना पोरात या जुन्या नटीबद्दल वाचायला सांगेन. जर्मनीत कोलोनला १९२४ साली जन्म, नाव इरेने क्लाइन, ज्यू घरातली पण नव्हे. युद्धानंतर ब्रिटिश सैन्यातल्या ज्यू अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली आणि त्याच्याबरोबर इथे आली, आणि ती बोलायची जर्मन, त्या काळात, त्या लोकांसमोर! विचार कर. कामेरी थिएटर तेव्हा नवीनच होतं, १९४४ चं, तिथे ती शिरली, हिब्रू शिकत शिकतच कामं केली, बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन'मध्ये जोन झाली, १९७० मध्ये मुलांसाठी वेगळं थिएटर उभं केलं आणि १९७९ मध्ये इस्रायल प्राइझ हा इथला मोठा सरकारी सन्मान मिळाला. तुझी परिस्थिती हिच्यासारखी आहे, दोदिनासारखी नाही. एकटी येणार, नव्या भाषेत सगळ्यांच्यामध्ये बसणार. (हाना मारोन या नटीचं नाव कुणी सांगितलं तर ऐकून घे पण तुलना करू नकोस, ती बर्लिनहून आली तेव्हा लहान मुलगी होती, त्या वयात भाषा आपोआप येते.)

आता भाषेचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. उल्पान, म्हणजे सरकारी हिब्रू वर्ग, साधारण पाच महिने असतो, आठवड्याला पाच दिवस. त्याने भाजी आणता येते, बँकेत बोलता येतं, स्टेजवर उभं राहता येत नाही. हिब्रू छापतात ती स्वरांशिवाय, आपल्या काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या काढून टाकल्या तर कसं दिसेल तसं, त्यामुळे स्क्रिप्ट हातात आली की आधी पेन्सिलीने स्वरांची टिंबं घालावी लागतात. आणि त्याहून अवघड म्हणजे जोर. मराठीत आपण शब्द सपाट बोलतो, हिब्रूत जोर कुठल्या अक्षरावर पडला यावर अर्थ बदलतो. 'बिरा', 'बि'वर जोर दिला तर बिअर, 'रा'वर दिला तर राजधानी. एका नव्या नटीचं मी झग्याचं हूक लावत होते, एन्ट्रीला दोन मिनिटं, आणि तिने बाही उलटी करून दाखवली, आत अस्तरावर पट्टी टाचलेली, त्यावर तिच्या लिपीत चार वाक्यं आणि प्रत्येक जोराच्या अक्षरावर लाल रेघ. ओठ हलत होते, आवाज नाही. त्या रात्री एकही जोर चुकला नाही तिचा. तू पण हेच कर, देवनागरीत लिही, आपल्या लिपीत हिब्रूचे बहुतेक आवाज छान बसतात. घशातला 'ख' आणि घशातला 'र' तेवढा वेगळा शिकावा लागेल. गंमत म्हणजे जुन्या रंगभूमीवर आणि रेडिओवर आपल्यासारखा जिभेच्या टोकाचा 'र'च शुद्ध मानायचे.

अॅक्सेंट पूर्ण जाणार नाही, हे धरूनच ये. त्यामुळे सुरुवातीला नर्स, म्हातारीला सांभाळणारी बाई, नुकतीच आलेली बायको, असले रोल येतील. ते घे. पण कुणी तुला फक्त भारतीय अॅक्सेंट 'काढून दाखव' म्हणालं तर विचार कर. एका कास्टिंगवाल्याने माझ्यासमोर एका मुलीला तसं म्हटलं होतं, ती निघून आली, मला तिचा अभिमान वाटला.

शिकायचं असेल तर तेल अवीवचा निस्सान नातीव स्टुडिओ, रमत गनचं बेत त्स्वी, योराम लोवेनस्टाइनचा स्टुडिओ, तिन्हीकडे तीन वर्षांचा कोर्स. तू शिकलेली आहेस तरी मी म्हणेन अर्ज कर, कारण तीन वर्षं रोज हिब्रूतच भांडायला, रडायला मिळतं आणि बरोबरची पोरं पुढे दिग्दर्शक होतात, कामं तिथूनच मिळतात. पैशाचं मात्र आधी बघ. साल क्लिता म्हणजे सरकारची मदत फक्त सुरुवातीच्या काही महिन्यांची असते आणि तेल अवीवचं भाडं परवडत नाही. लोद किंवा रामलेला खोली घे, ट्रेनने ये-जा कर. सकाळची पार्टटाइम नोकरी बघ, संध्याकाळ मोकळी ठेव, कारण इथली नाटकं गावोगावच्या हॉलमध्ये फिरतात, रात्री मिनीबसने एक वाजता परत येणं नेहमीचंच.

आणि येण्याआधीचे सहा महिने वाया घालवू नकोस. अक्षरं तिथेच शीक, एक हिब्रू स्वगत निवड, एखाद्या हिब्रू बोलणाऱ्याकडून रेकॉर्ड करून घे आणि लोकलमध्ये कानात लावून ऐकत रहा, अर्थ कळायच्या आधी चाल बसू दे. पाठ झालं की मला ऑडिओ पाठव, जोर कुठे चुकतोय ते मी सांगेन.