अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना पैसे दिल्याने श्रीमंत संघच कायम जिंकतील का?

फुटबॉलमध्ये (अमेरिकन, आपला नव्हे) तरी तसं दिसत नाही. उलट पैसे अधिकृत नव्हते तेव्हाच, २००९ ते २०२० दरम्यान, एकट्या अलाबामा विद्यापीठाने सहा राष्ट्रीय विजेतेपदं नेली. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, कॉलेज बदलणंही सोपं झालं. मग अलाबामाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा पोरं दुसरीकडे खेळायला जाऊ लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या विद्यापीठाने अव्वल क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं, तेही न्यू मेक्सिको स्टेट या छोट्या विद्यापीठातून आलेल्या क्वार्टरबॅकच्या (संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) जिवावर.

भरडली जातात ती छोटी कॉलेजं. त्यांनी घडवलेलं पोर चमकलं की मोठे उचलून नेतात. २०२५ च्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेत शेवटचे सोळाच्या सोळा संघ चार बड्या गटांतले (कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे समूह) होते. आता कॉलेजं थेट पैसे वाटू शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. छोट्यांकडे तेवढे असतात कुठे!