नव्या ज्युनिअर वकिलाला, बोर्ड (दिवसाच्या खटल्यांची यादी) सुरू होण्याआधी

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात आलास, बरं झालं. आता कायदा थोडा बाजूला ठेव आणि आधी साहेब, म्हणजे न्यायाधीश, वाचायला शीक. काहींना निवाडे ऐकायला आवडतात, काहींना फक्त पान नंबर हवा असतो. साहेबांनी पेन खाली ठेवलं म्हणजे एकतर मुद्दा पोचलाय किंवा ते कंटाळलेत. दोन्ही वेळा आवरतं घे. "पुढे बोला" असं दुसऱ्यांदा म्हणाले, तर खरंच पुढे जा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. (हसू नकोस, लिहिलंय तसं.) पण त्या जोरावर पक्षकाराला निकालाचा महिना सांगू नकोस. तो निफाडहून कांदा काढणी सोडून येतो आणि तुझा शब्द न् शब्द लक्षात ठेवतो. लेखी कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) 30 दिवस मात्र मोजच. वाढवून मिळू शकणाऱ्या कमाल 90 दिवसांच्या भरवशावर राहणारे पुढे विलंबमाफीचे अर्ज लिहीत बसतात.

शिरस्तेदारांशी (कोर्टाच्या कार्यालयातल्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांशी) नीट वाग. रोजनामा, म्हणजे खटल्याच्या कामकाजाची तारीखवार नोंद, स्वतः वाच. हजर असूनही "गैरहजर" लागलं असेल, तर लगेच अर्ज दे. खटल्याचा पुकारा ऐकू आला नाही, ही सबब साहेबांनी वकिलीत स्वतः वापरलेली असते. ती चालत नाही.